दुधाच्या बिलात तीन-चार द्विमितीय ॲरे एकत्र कसे चालवायचे? (एक्सेल व्हीबीए)

संकलन_सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेचं बिल मी एक्सेलमध्ये काढतो. मॅक्रो (एक्सेलमध्येच चालणारे छोटे प्रोग्राम, व्हीबीए भाषेतले) मीच लिहिलेत, शिकलो ते इकडंतिकडं वाचून. बिल दहा दिवसांचं असतं. रोज दोन पाळ्या, सकाळ आणि सांज. सभासद साधारण १८०. मशीन प्रत्येक पाळीची एक टेक्स्ट फाईल देतं, तिच्यात एका ओळीत सभासदाचा कोड, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). मी ओळ-ओळ वाचून ॲरेत (एका नावाखाली क्रमांकानं मांडलेल्या घरांत) भरतो आणि शेवटी पानावर उतरवतो.

(भाषेचे ठरलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, इथं देवनागरीत लिहितोय. डिम म्हणजे ॲरे जाहीर करणं, रीडिम म्हणजे त्याचा आकार ठरवणं.)

डिम लिटर() ॲज डबल
डिम फॅट() ॲज डबल
डिम एसएनएफ() ॲज डबल
रीडिम लिटर(१८०, २०)
रीडिम फॅट(१८०, २०)
रीडिम एसएनएफ(१८०, २०)

पहिला इंडेक्स (घराचा क्रमांक) सभासदाचा, दुसरा पाळीचा. याशिवाय दराचे चार्ट दोन, दरगाय आणि दरम्हैस, तेही द्विमितीय. उभं फॅट, आडवं एसएनएफ.

अडलंय तीन ठिकाणी.

पहिलं, फाईलमध्ये नवा सभासद आला की मी रीडिम प्रिझर्व्ह लिटर(१८१, २०) करतो, म्हणजे आधीचा डेटा राखून आकार वाढवायला सांगतो. तिथं एरर ९ येते, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज. नुसतं रीडिम केलं तर एरर येत नाही पण आधीचा सगळा डेटा पुसला जातो.

दुसरं, दर शोधताना इंडेक्स असा काढतो: इंट((फॅट - ३) * १०) + १. बहुतेक ठिकाणी दर बरोबर लागतो. पण परवा एका सभासदानं पावती पुढं धरली, गाय, ४.१ आणि ८.५. चार्टात त्याला ३५.८० आहे, बिलात ३५.५० लागलाय, म्हणजे ४.० चा. ३.७ वाल्यांचं मात्र अगदी बरोबर. एकच सूत्र एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण सापडत नाहीये. लिटरमागं तीस पैसे म्हटले तरी दहा दिवसांत आकडा होतो, आणि ते पैसे त्या माणसाचे आहेत.

तिसरं, हे तीन ॲरे असेच वेगळे ठेवावेत की एकाच त्रिमितीय ॲरेत घालावेत? एकाच घरात गाय आणि म्हैस दोन्ही घालणारे सभासदही आहेत, त्यांच्यासाठी आता आणखी तीन ॲरे करावे लागतील असं दिसतंय.

लूप_नको

दादा, इतके लूप कशाला? लिटरचा ॲरे आणि दराचा ॲरे, दोन्ही द्विमितीय आहेत. वर्कशीटफंक्शन.एममल्ट वापरा, एका ओळीत गुणाकार.

ईडीपी_निवृत्त

एममल्ट इथं चालणार नाही. तो मॅट्रिक्सचा गुणाकार करतो, म्हणजे पहिल्याची ओळ आणि दुसऱ्याचा रकाना घराघरानं गुणून त्यांची बेरीज. इथं हवंय ते वेगळं: या सभासदाचं या पाळीचं लिटर गुणिले त्याच पाळीचा दर. घराला घर. व्हीबीए ज्या बेसिक भाषेतून आली, त्या बेसिकमध्ये मॅट्रिक्सची सोय फार जुनी आहे. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात १९६४ साली बेसिक सुरू केली, आणि तिथल्या बेसिकमध्ये पुढं मॅट नावाच्या आज्ञाच होत्या. मॅट सी = ए + बी लिहिलं की अख्खे दोन ॲरे बेरीज होऊन तिसऱ्यात. आम्ही ज्या जीडब्ल्यू-बेसिकवर काम केलं तिच्यात मॅट नव्हतं, व्हीबीएतही नाही. पण असतं तरी बिलाचं काम दोन लूपचंच आहे, आणि १८० सभासदांसाठी ते लूप डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. लूपला भिऊ नका.

आता सांगलीकरांच्या प्रश्नांकडं. मी सहकारी सूतगिरणीच्या ईडीपी (संगणकावर हिशोब ठेवणाऱ्या) खात्यात होते, हजेरी आणि पगार असेच ॲरेत चालायचे, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं, कारण ते सगळ्यात तातडीचं.

४.१ हा आकडा संगणक दशांशात साठवत नाही, द्विमानात साठवतो, आणि द्विमानात ४.१ नेमका बसत नाही. जो साठतो तो ४.१ पेक्षा किंचित कमी असतो. त्यातून ३ वजा केले की उरतात १.०९९९९९९९९९९९९९९६. दहानं गुणलं की १०.९९९९९९९९९९९९९९६. इंट पुढचं सगळं छाटतं, हातात राहतात १०. तुम्ही एक मिळवता, ११. हवे होते १२. म्हणून ४.० ची ओळ लागली. ३.७ चं उलट आहे, तो साठतानाच किंचित जास्त साठतो, वजा करून दहानं गुणल्यावर ७ पेक्षा किंचित वर येतो, आणि छाटल्यावर ७ बरोबरच मिळतात. तुमच्या सूत्रात ३.३, ३.४, ३.८, ४.३, ४.६ आणि ५.१ सुद्धा ४.१ सारखेच खाली घसरतात. जुनी बिलं या सगळ्या फॅटसाठी आधी तपासा, फरक निघेल तो सभासदांना द्यावा लागेल.

उपाय असा की फॅट आणि एसएनएफ दशांशात ठेवूच नका. फाईलमधून वाचल्या क्षणी दहापट करून पूर्णांक करा:

फ = सीएलएनजी(वाचलेलंफॅट * १०)

सीएलएनजी छाटत नाही, जवळच्या पूर्णांकाला नेतं. ४.१ चे ४१ होतात, बास. यापुढं सगळ्या मॅक्रोत फॅट म्हणजे ४१, एसएनएफ म्हणजे ८५. दशांश चिन्ह फक्त पावती छापताना परत येईल.

आणि आता व्हीबीएची एक सोय वापरा जी फार कमी लोक वापरताना दिसतात. ॲरे शून्यापासून किंवा एकापासूनच सुरू व्हायला हवा असं बंधन नाही. खालची आणि वरची हद्द दोन्ही तुम्ही सांगू शकता:

डिम दरगाय(२५ टू ५५, ७५ टू ९५) ॲज करन्सी
डिम दरम्हैस(५० टू १२०, ८० टू १०५) ॲज करन्सी

हद्दी तुमच्या चार्टाप्रमाणं घाला. आता वजा तीन, गुणिले दहा, अधिक एक हे सगळं गेलं. दर हवा तर दरगाय(४१, ८५) म्हणा. फॅट हाच इंडेक्स. कोड वाचणाऱ्याला दरगाय(४१, ८५) पाहिल्याबरोबर कळतं की हे ४.१ / ८.५ गाय दूध आहे. करन्सी हा प्रकार मुद्दाम घेतलाय, तो चार दशांशांपर्यंत पैसे नेमके ठेवतो, डबलची (दशांशाचे आकडे द्विमानात ठेवणाऱ्या प्रकाराची) वरची भानगड तिथं होत नाही.

चार्ट पानावरून भरताना पानाच्या मथळ्यांनाच विचारा की हे घर कुठं जायचं:

डिम व ॲज व्हेरियंट
व = शीट्स("गाय दर").रेंज("ए१:व्ही३२").व्हॅल्यू
फॉर ओ = २ टू यूबाउंड(व, १)
  फॉर क = २ टू यूबाउंड(व, २)
    दरगाय(सीएलएनजी(व(ओ, १) * १०), सीएलएनजी(व(१, क) * १०)) = व(ओ, क)
  नेक्स्ट क
नेक्स्ट ओ

३१ फॅटच्या ओळी, २१ एसएनएफचे रकाने, आणि दोन्हींना एकेक मथळा, म्हणून ए१ ते व्ही३२. यूबाउंड म्हणजे ॲरेची वरची हद्द. रेंज.व्हॅल्यू एका फटक्यात अख्खा चार्ट उचलतं आणि जो ॲरे देतं तो नेहमी द्विमितीय आणि दोन्ही मितींत १ पासून सुरू होणारा असतो, तुम्ही ऑप्शन बेस (ॲरे ० पासून की १ पासून ते सांगणारी ओळ) काहीही लिहिलेलं असो. एक मात्र लक्षात ठेवा, रेंज एकाच घराची असेल तर ॲरे मिळत नाही, नुसता आकडा मिळतो, आणि मग यूबाउंडवर टाइप मिसमॅच, एरर १३.

कुणी उद्या चार्टात ओळ मागंपुढं केली तरी या पद्धतीत दर आपल्या जागीच पडतो, कारण जागा मथळा ठरवतो.

आता रीडिम प्रिझर्व्ह. व्हीबीएचा नियम आहे की प्रिझर्व्ह लावलं तर फक्त शेवटची मिती बदलता येते, तीही फक्त वरच्या बाजूनं. नियमाचं कारण मेमरीच्या मांडणीत आहे. व्हीबीए द्विमितीय ॲरे मांडताना पहिला इंडेक्स आधी पळवतं: लिटर(१,१), मग लिटर(२,१), लिटर(३,१), असं करत सगळे सभासद संपले की मग लिटर(१,२). शेवटची मिती वाढवली की नवी घरं शेपटाला जोडली जातात, आधीचं कुणी जागचं हलत नाही. पहिली मिती वाढवायची तर प्रत्येक पाळीच्या शेवटी एक घर घुसवावं लागेल आणि पुढचं सगळं सरकवावं लागेल. ते व्हीबीए करत नाही.

म्हणून जे वाढणार आहे ते शेवटी ठेवा. तुमच्याकडं सभासद वाढतात, पाळ्या वाढत नाहीत:

रीडिम लिटर(१ टू २२, १ टू २००)

पाळ्या २२ धरल्यात, कारण ३१ च्या महिन्यात तिसरं बिल अकरा दिवसांचं होतं. फेब्रुवारीत सोळाच भरतील (लीप वर्षी अठरा), बाकीची घरं शून्य राहतील, बिघडत काही नाही. आणि सभासद एकेकानं वाढवू नका. प्रिझर्व्ह दर वेळी अख्खा ॲरे नव्या जागी उतरवतं. जागा संपली की एकदम पन्नासनं वाढवा, खरे किती आहेत ते वेगळ्या चलात मोजा.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर कदाचित इथल्या काहींना पटणार नाही. तीन वेगळे ॲरे ठेवण्यात काहीही गैर नाही. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये आम्हाला दुसरा मार्गच नव्हता. अट एकच: इंडेक्सचा अर्थ सगळ्या ॲरेत एकच पाहिजे. लिटर(७, ११७) मध्ये ११७ जो सभासद, तोच फॅट(७, ११७) मध्ये आणि तोच एसएनएफ(७, ११७) मध्ये. हे ११७ एकाच ठिकाणी ठरलं पाहिजे. तुमच्या मजकुरावरून दिसत नाही, पण कोड शोधायला प्रत्येक ॲरेचा वेगळा लूप किंवा वेगळा काउंटर असेल तर तो काढून टाका. कोडवरून क्रमांक देणारं एकच फंक्शन लिहा. आत स्क्रिप्टिंग.डिक्शनरी (कोड दिला की त्याच्या नावानं ठेवलेला आकडा देणारी यादी) वापरा, कोड असेल तर त्याचा क्रमांक परत द्या, नसेल तर पुढचा क्रमांक द्या, आणि जागा कमी पडली तर त्याच फंक्शनमध्ये सगळे ॲरे एकदम वाढवा. एकाला वाढवलं आणि दुसऱ्याला विसरलं, असं होऊच शकणार नाही.

गाय-म्हशीसाठी आणखी तीन ॲरे नकोत. एक मिती वाढवा, आणि ती पुढं घाला, म्हणजे सभासद शेवटीच राहील:

रीडिम लिटर(१ टू २, १ टू २२, १ टू २००)

१ गाय, २ म्हैस. हे आकडे कोडभर विखरू देऊ नका, वर कॉन्स्ट गाय = १, कॉन्स्ट म्हैस = २ लिहा. मग लिटर(म्हैस, ७, ११७) वाचायलाही बरं वाटतं.

टाइप_एंडटाइप

ताईंचं उत्तर छान आहे, पण तीन ॲरेबाबत माझं मत वेगळं. व्हीबीएत टाइप (वेगवेगळी मापं एकाच नोंदीत बांधायची सोय) आहे तर तो वापरावा:

टाइप नोंद
  लिटर ॲज डबल
  फॅट ॲज इंटिजर
  एसएनएफ ॲज इंटिजर
एंड टाइप
डिम न() ॲज नोंद
रीडिम न(१ टू २, १ टू २२, १ टू २००)

आणि मग न(गाय, ७, ११७).फॅट. ॲरे एकच, त्यामुळं रीडिम प्रिझर्व्ह एकच. उद्या पाण्याचं प्रमाण किंवा तापमान ठेवायचं म्हटलं तर टाइपमध्ये एक ओळ वाढते, बाकी कोडला हात लागत नाही. क्यूबेसिकपासून ही सोय आहे, नवीन काही नाही.

ईडीपी_निवृत्त

हे मान्य. नव्यानं लिहायला घेतलं असतं तर मीही टाइपच घेतला असता. सांगलीकरांनी दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. टाइपचा ॲरे पानावर एका फटक्यात उतरवता येत नाही. रेंज.व्हॅल्यूला साधा द्विमितीय ॲरे लागतो, तो शेवटी वेगळा भरावा लागतो. आणि साध्या मॉड्यूलमधला टाइप व्हेरियंटमध्ये (कुठलाही प्रकार ठेवता येणाऱ्या चलात) किंवा कलेक्शनमध्ये घालता येत नाही, कंपायलर तिथंच अडवतो. साध्या ॲरेत या अडचणी नाहीत. आत्ता चालू मॅक्रो आहे, बिल थांबवता येत नाही, म्हणून मी कमी मोडतोडीचा मार्ग सांगितला.

जुन्या काळातला एक हिशोब सांगते, कारण पूर्णांकाचा आग्रह कुठून आला ते त्यातून कळेल. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये प्रोग्राम आणि डेटा मिळून जेमतेम ६० हजार बाइट मिळायच्या. डिम लिटर(१८०, २०) म्हटलं की शून्यासकट १८१ गुणिले २१, म्हणजे ३८०१ घरं. सिंगल प्रिसिजनला घराला ४ बाइट, १५,२०४. असे तीन ॲरे, ४५,६१२. प्रोग्रामला जागाच कुठं उरली? चलाच्या नावापुढं टक्क्याचं चिन्ह लावून इंटिजर केलं की घराला २ बाइट, तिन्हींचे मिळून २२,८०६. वर ऑप्शन बेस १ लिहिलं की शून्याची ओळ आणि शून्याचा रकाना वाचायचा. आम्ही रुपयांऐवजी पैसे आणि किलोऐवजी शेकडा ग्रॅम साठवायचो ते आधी जागेसाठी. पण हिशोब पैशाला पैसा जुळायचा तोही त्यामुळंच. आज जागेची चिंता संपली. हिशोब जुळायची नाही संपली.

मुक्तस्रोत_नगर

कुणी हेच काम लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करत असेल तर दोन फरक सांगून ठेवतो, आमच्याकडं शाळेचे निकाल त्यात चालतात.

पहिला फरक, रेंजवर गेटडेटाॲरे केलं की द्विमितीय ॲरे मिळत नाही. ओळींचा ॲरे मिळतो आणि प्रत्येक ओळ हा स्वतः एक ॲरे असतो, दोन्ही शून्यापासून. म्हणून व(ओ, क) चालत नाही, व(ओ)(क) लिहावं लागतं. यूबाउंड(व, २) पण चालत नाही, यूबाउंड(व(०)) म्हणावं लागतं. परत लिहिताना सेटडेटाॲरेला रेंजचा आकार आणि ॲरेचा आकार तंतोतंत जुळलेला लागतो, नाहीतर एरर.

दुसरा फरक जास्त घातक. एक्सेलमध्ये जुनेदर = दरगाय लिहिलं (जुनेदर हा हद्द न दिलेला, त्याच प्रकारचा ॲरे असेल तर) की खरीखुरी नक्कल होते. लिब्रेऑफिस बेसिकमध्ये नक्कल होत नाही, एकाच ॲरेला दोन नावं पडतात. नव्या दरात एक घर बदललं की जुन्यातही बदलतं. तिथं दोन लूप लावून शेवटच्या घरापर्यंत एकेक किंमत उतरवावी हेच खात्रीचं.

संकलन_सांगली

ताई, सगळ्यांनाच मनापासून धन्यवाद. कोडवरून क्रमांक देणारं एकच फंक्शन केलं, सभासद शेवटच्या मितीत नेला, नवा सभासद आता विनातक्रार जातो. दर चार्टाच्या हद्दी २५ टू ५५ केल्या. घसरणारे सगळे फॅट हातानं ताडून पाहिले, बरोबर लागतात. मागच्या बिलांतला फरक काढायला घेतलाय, सचिवांशी बोललोय, पुढच्या बिलात जमा करू.

आणखी दोन शंका आहेत. काही वेळा मशीन फॅट दोन दशांशांत देतं, ३.६५, ३.७५ असं. सीएलएनजी लावल्यावर ३.६५ चे ३६ झाले आणि ३.७५ चे ३८. एकाला खाली आणि दुसऱ्याला वर, हे कसं?

दुसरी, परवापासून दर बदलले, तेही बिलाच्या मधोमध. पहिल्या आठ पाळ्यांना जुना चार्ट, पुढं नवा. चार ॲरे करू का?

ईडीपी_निवृत्त

दोन दशांशांचं चांगलं पकडलंत. सीएलएनजी आणि व्हीबीएचं राउंड, दोन्ही नेमकं अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याला जातात. ३६.५ ला सम शेजारी ३६, ३७.५ ला ३८. पुष्कळ आकड्यांची बेरीज एका बाजूला झुकू नये म्हणून ही पद्धत वापरतात. पण दुधाच्या बिलात ती लावू नका. दोन सभासद शेजारी उभे राहून पावत्या ताडतात, त्यांना दोघांना एकच नियम दिसला पाहिजे.

नियम कोणता, हे तुम्ही किंवा मी नाही ठरवायचं, संस्थेच्या संचालकांनी ठरवायचं आणि तो चार्टाखाली छापायचा. दुसरा दशांश सोडून द्यायचा असं ठरलं तर:

फ = सीएलएनजी(वाचलेलंफॅट * १००) \ १०

आधी शंभरपट करून पूर्णांक, मग उलट्या तिरक्या रेघेचा पूर्णांक भागाकार. ३७५ चे ३७, ३६५ चे ३६. थेट इंट(वाचलेलंफॅट * १०) लिहू नका, ४.१ च्या वाटेनं परत तेच घडण्याचा धोका आहे. पाच किंवा वर असेल तर पुढचा पॉइंट द्यायचा असं ठरलं तर:

फ = (सीएलएनजी(वाचलेलंफॅट * १००) + ५) \ १०

३६५ चे ३७, ३७५ चे ३८. दोघांनाही वर.

दर बदलाचं. चार ॲरे करू नका, कारण उद्या एकाच बिलात दोनदा बदल झाला तर सहा होतील आणि प्रत्येक ठिकाणी इफ लिहीत बसाल. चार्टालाच एक मिती द्या:

डिम दरगाय() ॲज करन्सी
रीडिम दरगाय(२५ टू ५५, ७५ टू ९५, १ टू १)

तिसरा इंडेक्स म्हणजे चार्टाची आवृत्ती. नवा दर आला की रीडिम प्रिझर्व्ह दरगाय(२५ टू ५५, ७५ टू ९५, १ टू २). वाढते ती मिती इथंही शेवटी आहे, त्यामुळं प्रिझर्व्ह निमूट चालतं आणि जुना चार्ट जसाच्या तसा राहतो. कंस रिकामा ठेवून डिम करायला विसरू नका. आधीच हद्दी दिलेल्या ॲरेला रीडिम लावलं तर कंपायलर ॲरे ऑलरेडी डायमेन्शन्ड म्हणून तिथंच थांबतो.

मग पाळीवरून आवृत्ती सांगणारा एक छोटा ॲरे:

डिम आवृत्ती(१ टू २२) ॲज इंटिजर

पहिल्या आठ घरांत १, पुढं २. बिलाचा आतला लूप असा होतो:

इफ लिटर(गाय, प, स) > ० देन
  रक्कम(स) = रक्कम(स) + लिटर(गाय, प, स) * दरगाय(फॅट(गाय, प, स), एसएनएफ(गाय, प, स), आवृत्ती(प))
एंड इफ

आतल्या कंसात पाहा, फॅट आणि एसएनएफ हे ॲरेच आहेत आणि त्यांची घरं हीच दरगायचे इंडेक्स म्हणून चाललीत. म्हशीसाठी हाच तुकडा दरम्हैस घालून. फॅट आणि एसएनएफ लाँगमध्ये जाहीर करा, आता डबलचं तिथं काम नाही. लिटरही शंभरपट करून लाँगमध्ये ठेवता येईल, पण मग शेवटी शंभरनं भागायचं ध्यानात ठेवा.

एक राहिलं. दूध चार्टाबाहेरचं आलं, फॅट २.३ किंवा एसएनएफ ७.२, तर दरगाय(२३, ७२, १) एरर ९ देऊन मॅक्रो थांबवेल. ती एरर ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा, असं सांगणारी आज्ञा) लावून दाबू नका. दाबली की त्या सभासदाची ती पाळी बेरजेत येणारच नाही, कुणाला कळणारही नाही. आधी विचारा:

इफ फ < एलबाउंड(दरगाय, १) ऑर फ > यूबाउंड(दरगाय, १) देन

तसंच एसएनएफसाठी, एलबाउंड(दरगाय, २) आणि यूबाउंड(दरगाय, २). अशा नोंदी वेगळ्या पानावर काढा, कोड, तारीख, पाळी, मापं यांसकट, आणि बिल छापायच्या आधी ते पान सचिवांना दाखवा.

संकलन_सांगली

आवृत्तीची मिती बसवली. आठव्या आणि नवव्या पाळीचं एकेक बिल हातानं काढून ताडलं, जुळलं. चार्टाबाहेरच्या नोंदींचं पान पहिल्याच दिवशी उपयोगी पडलं. तीन नोंदी निघाल्या, तिन्ही एकाच कोडच्या आणि सांजेच्या. फॅटच्या जागी एसएनएफ आणि एसएनएफच्या जागी फॅट पडलंय, फाईलमध्ये रकाने उलटे आलेत. मशीनवाल्याला बोलावलंय. दशांशाच्या नियमाचा विषय संचालक मंडळाच्या सभेत घेतोय, तोवर दुसरा दशांश आलेली पावती मी हातानं बघतो.